मलम बंद केल्यावर

"मूल हवंय, छानच आहे," डॉक्टर राजनंदिनी म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नम्रता त्यांच्याकडे कॉलेजपासून येत होती. चष्मा खाली आला की पुढचं वाक्य चांगलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

"पण मग चेहऱ्याचं मलम बंद. कमी नाही, बंदच. ते बाळाला बाधू शकतं. दिवस राहिल्यावर नाही, आधीपासून."

"कधीपर्यंत?" शुभंकरने विचारलं.

"दिवस राहीपर्यंत. मग बाळंत होईपर्यंत. मग अंगावर पाजतेय तोवर."

"म्हणजे दोन वर्षं?"

"सगळं वेळेवर झालं तर."

शुभंकरने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा त्या वेळी इतर कुणाच्याही चेहऱ्यासारखाच होता. थोडा कोरडा, गालांवर किंचित लालसर, बस.

नम्रता वाशीमची. जन्मली तेव्हा तिच्या अंगभर एक पातळ, चकचकीत पापुद्रा ताणून बसवलेला होता. आठवडा काढायची नाही, असं सरकारी दवाखान्यातल्या नर्सने तिच्या आईला, मालनबाईंना, सांगून टाकलं होतं. पोरीने आठवडा काढला. पापुद्रा गळून गेला आणि खालून खवले आले. मोठे, तपकिरी, तळं आटल्यावर गाळाला भेगा पडतात तसे. डॉक्टर त्याला इक्थिओसिस म्हणत, शाळेतली पोरं 'मासोळी' म्हणत. तिची कातडी तयार व्हायची पण सुटायची नाही, थरावर थर साचत जायचा. घाम यायचा नाही. चेहरा असा ओढलेला की खालच्या पापण्या बाहेर वळलेल्या आणि झोपेतही डोळे अर्धे उघडे. मालनबाई तिला रोज पाण्यात बसवायच्या, मऊ फडक्याने घासायच्या, अंगभर खोबरेल थापायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बी.कॉम.ला पुण्यात आली तेव्हा मैत्रिणीने तिला डॉक्टर राजनंदिनींकडे नेलं. त्यांनी एक ट्यूब लिहून दिली. "अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध आहे. वरचा थर सुटायला लावतं. एक दिवसाआड, संध्याकाळी, वाटाण्याएवढं. आग होईल, लाल होईल, घाबरायचं नाही. दिवसा उन्हात जाताना तोंड झाकायचं." आग झालीच. पहिला महिना ती गार पाण्याची पट्टी तोंडावर घेऊन वसतिगृहात पडून असायची. मग हळूहळू खवले सुटायला लागले. तिसऱ्या महिन्यात पापण्या थोड्या वर आल्या आणि तिला डोळे पूर्ण मिटता यायला लागले. तिने आईला व्हिडिओ कॉल लावला तर मालनबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "हे कोन हाय वं?" त्या म्हणाल्या, आणि ओळख पटल्यावर फोन तसाच धरून रडल्या.

हे मलम अंगभर लावायचं नव्हतं. तेवढ्या मोठ्या भागातून ते रक्तात उतरलं असतं. अंगभर काम करणाऱ्या गोळ्या होत्या, पण त्या बंद केल्यावरही काही वर्षं मूल होऊ देता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यांचं नावच काढलं नाही. त्यामुळे चेहरा आणि गळा तेवढा बदलला. गळ्याखाली नम्रता पूर्वीचीच राहिली. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायची.

"हे बरं होत नाही," डॉक्टर तेव्हाच म्हणाल्या होत्या. "मलम आहे तोवर चेहरा आहे." एकोणीस वर्षांच्या मुलीने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं होतं, चेहरा आहे.

शिक्षण झाल्यावर ती मार्केट यार्डात गुळाच्या एका पेढीवर लागली. बिलं, जीएसटी, येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांशी बोलणं, सगळं तीच बघायची. वजनकाट्यांची दुरुस्ती करणारा शुभंकर तिथेच तिला भेटला. त्याने चेहऱ्याआधी तिचे खवल्यांचे हात पाहिले होते. लग्नाचं ठरायच्या आधी तिने त्याला लहानपणीचे फोटोही दाखवले. "मला काही फरक पडत नाही," तो म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं.

मूल आपल्यासारखंच झालं तर, ही नम्रताची खरी भीती होती. त्यासाठी शुभंकरचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट चांगला आला, आजाराचा दोष त्याच्या रक्तात सापडला नाही. मुलाला हा आजार व्हायची शक्यता फार थोडी आहे, अजिबात नाही असं मात्र कुणी म्हणणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेवढ्यावर दोघांनी ठरवलं. संक्रांत झाली आणि नम्रताने मलम बंद केलं.

सुरुवातीला काहीच झालं नाही. "बघ, उगाच घाबरलो," शुभंकर म्हणाला. मग नाकाच्या कडेला पांढरी साल दिसायला लागली. मग कपाळावर बारीक रेघा उमटल्या, त्या रुंद झाल्या, त्यांच्यामधली कातडी जाड होऊन तपकिरी पडत गेली. युरियाचं क्रीम, व्हॅसलीन, खोबरेल, दोन वेळा अंघोळ, मूल हवं असताना जे चालतं ते सगळं ती करत होती. त्याने चेहरा मऊ राहायचा, पण खवले येतच राहिले. शिमग्यापर्यंत गाल खवल्यांनी भरले.

नारायण पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शुभंकरची आई, वेणूबाई, त्यांच्यासोबत राहायच्या. शाळेत क्लार्क होत्या, आता निवृत्त. सून आणताना त्यांना 'त्वचा कोरडी असते, औषध चालू आहे' एवढंच सांगितलं होतं. हात दिसायचे, पण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवून मुलाला विचारलं, "लग्नात सांगितलेली कोरडी त्वचा ती हीच का?"

"हीच."

"आमच्या वेळी कोरडं म्हणजे निराळं असायचं."

नम्रता ओट्याशी उभी होती, तिने ऐकलं. शुभंकरने मग आईला सगळं नीट सांगितलं. मलम का बंद केलं, तेही. त्यानंतर त्या विषयावर वेणूबाई सुनेशी कधी बोलल्या नाहीत. पण जिन्यात शेजारीण म्हणाली, "सूनबाईंना काही लागणीचं तर नाही ना झालं?" तेव्हा त्यांनी तिला तिथेच थांबवलं. "लागणीचं असतं तर पहिलं मला झालं असतं. तुम्ही कशाला चिंता करता? तुम्ही तर नमस्कारही लांबूनच करता."

एप्रिलमध्ये खरा त्रास सुरू झाला. आता चेहराही घाम सोडेना. एका दुपारी पेढीच्या दारात ट्रक उतरवून घेताना नम्रताला चक्कर आली. हमालांनी तिला ओल्या पोत्यावर बसवलं, कुणी डोक्यावर पाणी ओतलं. पेढीचे मालक आप्पासाहेब स्वतः रिक्षातून तिला घरी सोडायला आले. चांगला माणूस. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तर तिचं टेबल पुढून उचलून आतल्या खोलीत, कूलरसमोर ठेवलेलं होतं. तिच्या जागेवर आप्पासाहेबांचा पुतण्या बसला होता.

"तुमच्याच सोयीसाठी, मॅडम. पुढे ऊन फार लागतं."

"मी माठ आणून ठेवते जवळ. ओला रुमाल ठेवते."

"नको, नको. आत बरं." त्यांची नजर तिच्या खांद्याच्या वर कुठेतरी होती. "गिऱ्हाइकं विचारतात हो. आता प्रत्येकाला काय सांगत बसायचं? खाण्याची वस्तू आहे आपली."

भांडायला जागाच नव्हती. कूलर खरंच गार होता, पगार तोच होता. संध्याकाळी तिने शुभंकरला सांगितलं तेव्हा तो उसळला, उद्याच जाऊन बोलतो म्हणाला.

"काय बोलणार?" नम्रताने विचारलं. "की माझ्या बायकोला उन्हात बसवा?"



महिने जात होते आणि दिवस राहत नव्हते. दोघांच्या तपासण्या झाल्या. दोष काही निघाला नाही. "वाट बघा," स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, "वर्षभर तरी आम्ही काही करत नाही." इतर जोडप्यांना हे वाक्य धीर देणारं वाटत असेल. नम्रताला दर महिन्याला पाळी यायची आणि त्याच आठवड्यात पापणी आणखी जराशी खाली ओढली गेल्यासारखी वाटायची.

मालनबाई वाशीमहून येऊन गेल्या. दारातच लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "काहून बंद केलं वं माय? मी इतकी वर्सं हेच पाह्यलं. आता पुन्हा हेच पाहू?" राहिल्या तेवढे दिवस त्यांनी तिला लहानपणीसारखं न्हाऊ घातलं. नम्रता मोरीत पाटावर बसून राहायची, आई घासेल तसं घासू द्यायची. शुभंकर बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसायचा.

एका रविवारी सकाळी पोहे खाताना वेणूबाईंच्या कुठल्याशा बोलण्यावर नम्रता मोठ्याने हसली. तोंडाच्या कोपऱ्यात कातडीला चीर गेली आणि रक्ताचा थेंब आला. शुभंकरने मान वळवली, गॅसकडे पाहिलं. अगदी क्षणभर. वेणूबाई उठून आत गेल्यावर ती म्हणाली, "बघ ना माझ्याकडे."

त्याने पाहिलं.

"आता बघतोयस. मघाशी नाही बघितलंस."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ती त्याच्याकडे सरळ बघत होती आणि त्याला खोटं बोलता आलं नाही. "मला कळत नाही असं का होतं," तो म्हणाला. "मी ठरवून करत नाही, नम्रता."

"माहितीये. ठरवून करत असतास तर भांडले असते."

ऑक्टोबरात तो दवाखान्यातून नवीन ट्यूब घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवली. "लाव. मला मूल नको. खरंच नको. आपण दत्तक घेऊ, नाहीतर दोघंच राहू."

नम्रताने ट्यूब हातात घेतली, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "हे तू संक्रांतीला म्हणाला असतास तर लावलं असतं. आता नऊ महिने गेले माझे. आज लावलं तर ते फुकट गेले. नाही लावलं तर पुढचेही जातील." तिने ट्यूब त्याच्याकडे सरकवली. "आणि पुढच्याच महिन्यात दिवस राहायचे असले तर? ते कसं कळणार?"

ट्यूब कपाटात गेली.

आणि त्याच महिन्यात तिला दिवस राहिले.

आनंद झाला, नाही असं नाही. वेणूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मालनबाईंनी फोनवर गावातल्या सगळ्या देवांची नावं घेतली. पण डॉक्टर राजनंदिनींनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवून डोळे तपासले आणि म्हणाल्या, "डोळ्यांत थेंब दर दोन तासांनी. झोपताना डोळ्यांचं मलम आणि पट्टी. चुकवू नको. माझ्याकडे तुला द्यायला आता एवढंच आहे." एवढ्या वर्षांत त्या तिच्याशी असं पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

उन्हाळा आला तेव्हा तिला सातवा महिना होता. नोकरी सोडावी लागली. पोट ताणलं जायचं तशी त्यावरची कातडी फाटायची. दुपारी ती ओली चादर गुंडाळून फरशीवर पडून राहायची, आणि वीज गेली की वेणूबाई एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालायच्या, दुसऱ्या हाताने चादरीवर पाणी शिंपडायच्या. शुभंकर काम सोडून यायचा, यायचा आणि दारात उभा राहायचा. त्याने घराला कूलर लावला, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, बर्फ आणला. एवढं सगळं केल्यावरही ती त्याच्यासमोर धापा टाकत पडलेली असायची.

जुलैत मुलगी झाली. नर्सने बाळ पुसून वर धरलं तेव्हा शुभंकरने आधी नाक-डोळे पाहिले नाहीत, कातडी पाहिली. गुलाबी, सुरकुतलेली, साधी. कुठल्याही नवजात बाळाची असते तशी. "नीट बघा," नम्रता खाटेवरून डॉक्टरांना सारखी म्हणत होती, "पाठ बघा, काखेत बघा." सगळं पाहून झालं. काही नव्हतं. तेव्हा ती रडली, आणि अश्रू बाहेर वळलेल्या पापणीत साचून सरळ गालावर ओघळले.

मुलीचं नाव मुक्ताई ठेवलं. ती अंगावर चांगली पीत होती. पिता पिता आईच्या गालाला हात लावायची, खवला हाताला लागला की तो उपटायचा प्रयत्न करायची. नम्रताला दुखायचं आणि ती हसायची. मलमाचं नाव तिने काढलं नाही. वर्षभर पाजायचं, मग बघू, असं तिने ठरवून टाकलं होतं. त्या पहिल्या चार महिन्यांत घरात काही ठरवायचं उरलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला तिचा डावा डोळा लाल झाला. बाळाच्या मागे थेंब चुकत होते, पट्टी निघून जात होती. आधी वाटलं, धूर गेला असेल. मग उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिव्याखाली पाहिलं आणि म्हणाले, "बुबुळावर जखम आहे. डोळा मिटत नाही, म्हणून सुकून झालीये. ही भरेल, पण डाग राहील. पापणी अशीच राहिली तर दुसरी होईल."

"पापणीचं ऑपरेशन करा मग," शुभंकर म्हणाला.

"करता येईल. पण चेहऱ्याची कातडी अशीच ओढत राहिली तर पापणी परत वळेल. आधी कातडी सैल व्हायला हवी."

तिथून दोघं बाळाला घेऊन थेट डॉक्टर राजनंदिनींकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. या वेळी चष्मा त्यांनी काढलाच नाही.

"मलम सुरू करू या. आजपासून. पण मग पाजणं बंद करावं लागेल."

"थोडंच लावते," नम्रता म्हणाली. "वाटाण्याच्या निम्मं. गळ्याला नाही लावत. नुसतं डोळ्यांखाली."

"थोडं दुधात किती उतरेल हे मला माहीत नाही. कुणालाच नीट माहीत नाही. बहुतेक काही होणार नाही. पण चार महिन्यांच्या बाळावर मी 'बहुतेक' वापरणार नाही." मग जरा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "आणि मलम लावलेला गाल तिला लागू द्यायचा नाही. तिची कातडी फार नाजूक आहे."

"एक महिना थांबले तर?"

"डोळा तुझा आहे, नम्रता. थांबलीस तर मी रागावणार नाही. पण डोळा जाऊ शकतो."

नम्रताने शुभंकरकडे पाहिलं. याच्या मनात काही असेल तर आता बोलेल, असं तिला वाटलं. तो बाळाचं टोपरं नीट करत होता. ते आधीच नीट होतं.

त्या संध्याकाळी नम्रताने मुक्ताईला शेवटचं पाजलं. बाळ झोपेपर्यंत नाही, पोट भरेपर्यंत. मग ते वेणूबाईंकडे दिलं, तोंड धुतलं, कोरडं केलं, आणि आरशासमोर उभी राहून वाटाण्याएवढं मलम चेहऱ्यावर पसरलं. एवढ्या दिवसांनी लावल्यामुळे लगेच झोंबलं. ती खोलीचं दार लोटून पलंगावर बसली.

बाहेर थोड्या वेळाने मुक्ताई उठली. वेणूबाईंनी बाटलीचं निपल तिच्या तोंडात घातलं, तिने ते जिभेने बाहेर ढकललं. पुन्हा घातलं, पुन्हा ढकललं. मग ती रडायला लागली. आधी कुरकुर, मग श्वास अडकेपर्यंत.

"तिला दुधाचा वास येतोय," वेणूबाई दाराबाहेरून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा नव्हता. "तू बाहेर येऊ नकोस हं."

"नाही येत, आई."

शुभंकर आत आला. बाहेर बाळ रडत होतं, आत नम्रताच्या कुर्त्यावर दुधाचे दोन ओले डाग पसरत होते, आणि ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, चेहऱ्याला लागू नयेत म्हणून. तो तिच्या शेजारी बसला. तिला जवळ घ्यावं तर मलम पुसलं गेलं असतं.

"दार बंद कर पूर्ण," ती म्हणाली.

त्याने दार लावून घेतलं. आवाज थोडा कमी झाला, थांबला नाही.

मुक्ताईने तिसऱ्या दिवशी बाटली घेतली. थंडी सरेपर्यंत नम्रताचा चेहरा बराचसा पूर्वीसारखा झाला. उजवी पापणी वर आली. डावी अर्धीच आली. डाव्या बुबुळावर एक पांढुरका ठिपका राहिला, त्यातून तिला सगळं धुरकट दिसतं. डॉक्टर म्हणतात, मलम त्याला काही करू शकत नाही. आप्पासाहेबांनी तिला परत बोलावलं, पुढच्या टेबलावर बसवलं, सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, "मॅडम आता एकदम बऱ्या झाल्या." ती त्यांचं बोलणं खोडत नाही.